गप्प केलेली कॅचर

"मैदान आहे हे, मासळीबाजार नाही. तोंड बंद ठेव."

हे वाक्य मी बोललो. नववीत शिकणाऱ्या एका मुलीला, तिच्या संघासमोर, परक्या गावातल्या मैदानावर. तिची आई मासळीबाजारात मासे विकते आणि हे मला चांगलं माहीत होतं. आमच्या घरी येणारी मासळी बहुतेक वेळा तिच्याच टोपलीतली असते.

वर्गात गोंगाट झाला की हे वाक्य कुठलाही शिक्षक बोलून जातो. मीही वर्षानुवर्षं बोलत आलो. ज्या शाळेतल्या निम्म्या मुलांच्या अंगणात जाळी वाळत असतात, तिथेही. पण त्या दिवशी ते सवयीनं तोंडातून निघालं असं मी म्हटलं, तर ते खोटं होईल. मी ते मुद्दाम मोठ्यानं बोललो. दुसऱ्या एका माणसाला ऐकू जावं म्हणून. हा भाग मी बरेच दिवस कुणाला सांगितला नाही, बायकोलाही नाही.

मी मालवणजवळच्या एका हायस्कुलात क्रीडाशिक्षक आहे. आमच्या शाळेत बेसबॉल आणला तो मीच, आणि तोही खेळावरच्या प्रेमानं नव्हे. एका प्रशिक्षण शिबिरात शेजारी बसलेल्या शिक्षकानं मला सरळ गणित सांगितलं होतं. कबड्डीला, खो-खोला जिल्ह्यात ढीगभर संघ उतरतात. बेसबॉलला मुलींचे दोन आले तरी खूप. एक सामना जिंकला की विभागावर जायचं. तिथे जिंकलं की राज्यावर. राज्याला खेळलं की दहावीला खेळाचे वाढीव गुण. मुख्याध्यापकांना बातमी मिळते, पालकांना गुण मिळतात, आणि आपलं नाव होतं. मी परत आलो तो दोन बॅटी, थोडे ग्लव्हज आणि एक मास्क घेऊन.

शाळेमागचं मैदान जांभ्याचं आहे. घसरून बेस गाठायला गेलं तर गुडघा सोलवटून निघतो. एका अंगाला सुरूची झाडं आणि त्यांच्यापलीकडे समुद्र. बेस म्हणून वाळू भरलेल्या गोणी टाकल्या, होम प्लेट जुन्या होडीच्या फळीतून कापून घेतली. पहिले दोन महिने मुली बॅट हातात घेऊनच धावायच्या, क्रिकेटसारख्या. "बॅट टाक! बॅट टाक!" ओरडून माझा घसा बसायचा. त्यांना उत्साह यावा म्हणून मी एकच गोष्ट पुन्हा पुन्हा सांगायचो: गुण. दमलात? दहावीला गुण आठवा. पाऊस लागला? गुण आठवा. मुलांना काय हवं असतं हे मला पक्कं ठाऊक आहे, अशीच माझी समजूत होती.

ज्यांनी हा खेळ पाहिला नाही त्यांच्यासाठी एवढंच सांगतो. पिचर चेंडू फेकते, समोरची बॅटर तो मारते, आणि बॅटरच्या मागे उकिडवी बसते ती कॅचर, तोंडावर लोखंडी जाळीचा मास्क घालून. बाकी सगळ्या खेळाडू तिच्याकडे तोंड करून उभ्या असतात. अख्खं मैदान समोर दिसतं ते फक्त तिलाच. कुठला चेंडू टाकायचा हे ती पिचरला गुडघ्यांच्या मधे बोटं धरून खुणेनं सांगते. म्हणजे मी तरी तसंच शिकवलं होतं.

ज्या मुलीला मी गप्प केलं, ती आठवीत असताना मैदानावर आली. मास्क बघून म्हणाली, "सर, तो पिंजरो माका होयो."

"त्यात घाम फार येतो," मी म्हटलं.

"येवने. घामाक काय, तो खंयय येता."

मास्क चढवला आणि ती बोलायला लागली, ती वर्षभर थांबली नाही. वर्गात हीच मुलगी मुखदुर्बळ म्हणून प्रसिद्ध होती. मराठीच्या बाई म्हणायच्या, विचारलं तरी उभी राहून नुसती बाकाकडे बघते. मैदानावर मात्र तिचा आवाज पार सुरूच्या झाडांपर्यंत जायचा. लांब उभ्या असलेल्या पोरीचं लक्ष उडालं की, "गो बाय, थंय होड्ये मोजतस काय? हकडे बघ!" एक बॅटर बाद झाली की सगळ्यांना हिशेब द्यायची, "एक गेली, दोन रवली! दोन घालवया आणि पाणी पिवया!" सरावात आमचीच एखादी मुलगी बॅट घेऊन बिचकत उभी राहिली की मागून हळूच, "मार गो, लाजतस कित्या? तुका बघूक नवरो इलो नाय!" म्हणायची. ती पोर हसून वाकायची, आणि चेंडू निघून जायचा.

मधेच ती माशांची नावं घ्यायची. "इसवण!" म्हणजे सुरमई. "आता वाम घाल गो, वाम!" "बांगडो, बांगडो!" पिचर मान हलवायची आणि चेंडू टाकायची. मला वाटायचं, पोरींची थट्टा चाललीय.

मला ते आवडत नव्हतं. मी त्यांना नियम घालून दिला होता: मैदानावर शुद्ध बोलायचं. बाहेर जायचंय, चार लोकांत खेळायचंय, माका-तुका चालणार नाही. "होय सर," म्हणायच्या आणि पाच मिनिटांत पुन्हा मालवणीवर यायच्या.

हा नियम कुठून आला ते सांगायला हवं, कारण तो त्या मुलींमुळे आलेला नव्हता. मी शारीरिक शिक्षणाच्या पदविकेसाठी घाटावर शिकायला गेलो, तेव्हा पहिल्याच रात्री हॉस्टेलवर "माका चादर होयी" म्हणालो. दोन वर्षं माझं नाव 'माका' होतं. धावण्यात मी सगळ्यांच्या पुढे असायचो, तरी रेषेवर उभा राहिलो की मागून आवाज यायचा, "माका, पळतंस काय रे?" मी महिन्याभरात बोलणं बदललं. आईचा हॉस्टेलच्या फोनवर फोन यायचा, "जेवलंस काय रे, झिला?" आणि मी फोनभोवती उभ्या असलेल्या मुलांसमोर म्हणायचो, "हो आई, जेवलो. ठेवतो आता." पुढे गावी परत आलो, नोकरी लागली, तरी आईशी पूर्वीसारखं बोलणं काही जमलं नाही. तिनं एकदा विचारलंही, "तू आमच्या भाशेत बोलनस नाय रे आता?" मी हसून टाळलं. ती आता नाही. माझं त्या मुलींना शुद्ध बोलायला लावणं हे त्यांच्या भल्यासाठी आहे, असं मी स्वतःला सांगत होतो.

जिल्ह्याला ओरसच्या मैदानावर दोनच संघ होते. आम्ही जिंकलो. विभागीय स्पर्धा कोल्हापूरला होती. पहिला सामना आम्ही जिंकला आणि मीच चकित झालो. दुसरा जिंकला असता तर राज्याला गेलो असतो. शेवटच्या डावाआधी आम्ही एका धावेनं पुढे होतो. आमची पिचर, सावकाश बोलणारी, शेवग्याच्या शेंगेसारखी उंच मुलगी, त्या दिवशी कुणाला खेळू देत नव्हती. आणि मागे बसून आमची कॅचर गर्जत होती, "वाम! वाम घाल! बरी गो माझी बाय!"

समोरच्या संघाचे शिक्षक माझ्यापासून दहा पावलांवर उभे होते. डोक्याला टोपी, गळ्यात शिट्टी, बरोबर दोन सहायक. ते माझ्याकडे वळून म्हणाले, "काय हो सर, कॅचर आणलीय का कोळीण? बांगडा कसा दिला, विचारा की तिला!" त्यांचे सहायक हसले. मागे बसलेले दोन-चार पालकही हसले.

मी हसणाऱ्यांकडे वळून एक शब्द बोलू शकलो असतो. निदान गप्प राहू शकलो असतो. मी पंचांना हात करून खेळ थांबवला, तरातरा प्लेटपाशी गेलो आणि सुरुवातीला लिहिलंय ते वाक्य बोललो. बोलून झाल्यावर मी मागे वळून त्या शिक्षकांकडे पाहिलं. त्यांनी मान डोलावली. मला बरं वाटलं. हे लिहायला नको वाटतं, पण खरं तेच आहे: मला त्या क्षणी बरं वाटलं.

तिनं मास्क वर केला नाही. जाळीमागे तिचे डोळे दिसले की नाही, मला आठवत नाही. बहुधा मी बघितलंच नाही.

खेळ सुरू झाला. मागून आवाज येईना. पिचर वाकून वाकून कॅचरच्या हाताकडे बघत होती. तिचे चेंडू भरकटायला लागले. एकामागून एक समोरच्या संघाच्या दोन मुली न खेळताच फुकट बेसवर गेल्या. मग एक चेंडू कॅचरच्या अपेक्षेपेक्षा भलत्याच बाजूला आला, तिच्या ग्लव्हला घासून मागे गेला आणि दोघी एकेक बेस पुढे सरकल्या. दोन बॅटर बाद झाल्या होत्या, एकच उरली होती. तिनं चेंडू उंच उडवला. सोपा झेल होता. आमच्या दोन मुली त्याखाली धावल्या, एकमेकींकडे बघून थांबल्या, आणि चेंडू दोघींच्या मधोमध पडला. दोन धावा गेल्या. एरवी कॅचर ओरडली असती, "उजवीकडची घे!" आणि दुसरी बाजूला झाली असती.

आम्ही हरलो.

परतीच्या वाटेवर घाट उतरून तळेऱ्याला थांबलो. मुली उतरल्या, वडे घेतले. कॅचर गाडीतच बसून राहिली. मी सगळ्यांना गोळा केलं आणि जे भाषण हरल्यावर शिक्षक करतात ते केलं. चुका सांगितल्या. आणि म्हणालो, "शेवटच्या डावात कॅचर झोपली होती. कॅचर बोलली नाही तर संघ आंधळा होतो, हे किती वेळा सांगितलंय मी?"

गाडीची खिडकी उघडी होती. तिला ऐकू गेलं असणार.

वडा हातात धरून पिचर म्हणाली, "सर, तुमीच तिका गप केलास."

"उलट बोलू नकोस," मी म्हटलं.

"उलट नाय सर. सुलट बोलतंय."

एक-दोघी तोंडावर हात धरून हसल्या. मी त्यांना गाडीत बसायला सांगितलं.

दुसऱ्या आठवड्यापासून कॅचर सरावाला येईना. मी दोनदा निरोप धाडला. निरोपात काय, तर तेच: म्हणावं, पुढच्या वर्षी दहावी आहे, राज्याला गेलीस तर गुण मिळतील, डोक्यात राख घालून घेऊ नकोस. पिचरनं उत्तर आणलं. "तिना सांगल्यान, गुण नको माका."

"मग काय हवंय तिला?"

पिचर ग्लव्ह उचलून मैदानाकडे गेली. मला राग आला. एवढं सगळं मुलींसाठी करतोय आणि कदर नाही, असलं काहीतरी मनात आलं.

तिच्या जागी दुसरी मुलगी बसवली. सराव सुरू राहिला, पण मैदानात शुकशुकाट. मी सांगितलेलं सगळं मुली करायच्या आणि साडेपाच वाजले की घरी जायच्या. पूर्वी हाकलावं लागायचं. मला हे मुलींचं रुसणं वाटलं. शेवटी एके दिवशी वैतागून मी कागदाच्या चिठ्ठ्या वाटल्या आणि सांगितलं, तुम्ही इथे का येता ते लिहा, नाव घालू नका. मनात उद्देश काही चांगला नव्हता. गुणांसाठी येतो असं त्यांच्याच हातानं लिहून घ्यायचं आणि मग त्यावरून चार शब्द सुनवायचे, असा विचार होता.

चिठ्ठ्या घरी नेल्या. एकीनं लिहिलं होतं, इथे असेपर्यंत घरची भांडी घासावी लागत नाहीत. एकीनं, मला जोरात धावायला आवडतं आणि रस्त्यानं धावलं तर लोक बघतात. एकीनं लिहिलं, गुणांसाठी, पण पुढे कंस करून, असं बाबांना सांगितलंय. दोघींनी एकच गोष्ट लिहिली होती, कॅचर हसवायची म्हणून. आणि एका चिठ्ठीवर, तिरक्या मोठ्या अक्षरात, "ती मागे असली की मला दिसतं."

अक्षर पिचरचं होतं. दुसऱ्या दिवशी मी तिला शिक्षकांच्या खोलीत बोलावलं आणि विचारलं, याचा अर्थ काय. ती दारातच उभी राहिली. मला काहीतरी सुचलं. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला गेलो आणि हात वर केला. "किती बोटं?"

ती बराच वेळ डोळे बारीक करून बघत राहिली. "सर, हात दिसता. बोटां नाय दिसनत."

"कधीपासून?"

"सातवीपासून असात."

"मग सांगितलं का नाहीस?"

"तुमी माका काढून टाकलास असतास. चष्मेवालीक पिचर कोण करता?"

मग तिनं सगळं सांगितलं. मी शिकवलेल्या बोटांच्या खुणा तिला पहिल्या दिवसापासून दिसत नव्हत्या. हे फक्त कॅचरला माहीत होतं. तिनंच तोड काढली होती: बोटांऐवजी बोलायचं. इसवण म्हणजे सरळ आणि जोरात. बांगडो म्हणजे हळू. वाम म्हणजे वळणारा, वाम माशासारखा. "कोणाक कळाक नको म्हणान मासळी," पिचर म्हणाली. "घाटावरच्यांका खंय कळतली मासळी? त्यो आमका हसत, आमी तेंका बाद करू." आणि बाकी सगळी बडबड होती ती या खुणा लपवण्यासाठी. शंभर शब्दांत एक मासा.

माझ्याच संघाच्या खुणा मला माहीत नव्हत्या. दीड वर्ष मी तिथे शिट्टी घेऊन उभा होतो आणि माझ्या पिचरला दिसत नाही हे मला कळलं नव्हतं. एका पोरीनं ते ओळखलं, त्यावर उपाय शोधला, मैत्रिणीचं गुपित सांभाळलं, आणि त्याच उपायावर मी पाय दिला. हरल्यावर मीच म्हणालो, कॅचर बोलली नाही तर संघ आंधळा होतो.

त्या रविवारी सकाळी मी पिशवी घेऊन बाजारात गेलो. तिची आई नेहमीच्या जागी बसली होती, पुढ्यात फळी, बाजूला विळी. तिच्याभोवती बायकांचा गलका होता. ती एकीला मोरी मासा कापून देत होती, त्याच वेळी दुसरीला, "गे वहिनी, ता दबवन बघू नको, ता काय पाव न्हय!" आणि मागे न बघता तिसऱ्याला, "मांजराक हाकल रे मेल्या, बघतस काय!" तिला सगळं दिसत होतं. शेजारी मुलगी बसून होती, कोलंबी निवडत. मला बघितलं आणि तिनं मान खाली घातली.

"येवा सर, येवा!" आई म्हणाली. "सरंगो बघा, आत्ताच इलोहा. आणि आमच्या चेडवाक जरा इचारा हो. खेळाक जायना नाय. पाय दुखता म्हणता. पायाक काय झाला तां तुमका म्हायत आसतला."

मला तेव्हा कळलं की तिनं घरी काहीच सांगितलं नव्हतं. मी तिच्या आईच्या धंद्याचं नाव शिवीसारखं वापरलं होतं, आणि आईला ते कळू नये म्हणून ती पाय दुखायचं नाटक करत होती.

"हल्ली बाजारातय बोलना नाय," आई पुढे म्हणाली. "पयली माझ्याबरोबर वरडत होती. आता मुकी कशी बसता."

मुलीनं मान वर करून माझ्याकडे बघितलं. तेवढंच. सांगू नका, असं ते बघणं होतं. मी सरंगा घेतला, "बघतो मी," असं काहीतरी पुटपुटलो आणि निघालो.

सोमवारी मी तिला व्हरांड्यात गाठलं. वाक्य मनात जुळवून ठेवलं होतं. "त्या दिवशी मी जे बोललो, त्यानं तुला वाईट वाटलं असेल, तर..."

ती लगेच म्हणाली, "नाही सर. मला काहीही वाटलेलं नाही."

एकेक शब्द नीट, शुद्ध. मी दीड वर्ष मागत होतो तसा. मला तो कानाखाली बसल्यासारखा लागला.

मी विचारलं, आणि हा प्रश्न मी तिला पहिल्यांदाच विचारत होतो, "तू खेळायला का येत होतीस?"

"तिथे मला बोलता यायचं," ती म्हणाली. मग जाता जाता वळून, "सर, आईला सांगू नका."

घरी आलो आणि बायकोला सगळं सांगितलं. त्या शिक्षकांकडे मी वळून बघितलं होतं, तेही. ती आमटीसाठी डाळ घोटत होती. ऐकून झाल्यावर तिनं गॅस बारीक केला.

"'वाईट वाटलं असेल तर' ही माफी झाली काय? तिका वायट वाटला काय नाय, तां तिका बघूंदे. तुमी काय केलास तां सांगूचा नाय काय?"

"सांगणार होतो."

"मग तोंड काय झिजला आसता तुमचा?"

"तिच्या आईलाही सांगावं असं वाटतं," मी म्हटलं.

"कित्याक? चेडवान महिनोभर दाबून ठेवल्यान आणि तुमी जावन आवशीच्या पुढ्यात ओतूचा? तुमका हलका वाटाक?" तिनं माझ्याकडे बघितलं. "जेच्या समोर बोललास तेंच्या समोर सांगा. बाजाराक तेतूर ओढू नकात."

ती बरोबर होती. आईपुढे जाऊन कबूल करण्यात मला सुटका दिसत होती, त्या मुलीची नव्हे. जे संघासमोर केलं ते संघासमोरच फेडायचं होतं, आणि नेमकं तेच मला सगळ्यात अवघड वाटत होतं. शिक्षकानं विद्यार्थ्यांसमोर माफी मागितली की त्याला पुढे कोण विचारणार, हा धाक माझ्या मनात इतक्या वर्षांचा आहे. चार दिवस मी काही ना काही निमित्त काढून सराव बंद ठेवला.

पाचव्या दिवशी पिचरबरोबर कॅचरला निरोप दिला की खेळायचं नाही, फक्त यायचं, सरांना बोलायचंय. ती आली, शाळेच्या गणवेशात, दप्तर खांद्याला. बाकीच्या मुलींपासून दोन हात लांब बसली. पिचरच्या डोळ्यांवर नवा चष्मा होता, मागून रबरानं बांधलेला. त्यासाठी मी तिच्या घरी गेलो होतो. तेवढं एक काम महिन्याभरात नीट केलं होतं.

मी उभा राहिलो. खिशात कागद होता, रात्री लिहिलेला. "मुलींनो, विभागीय स्पर्धेच्या वेळी माझ्याकडून जे शब्द गेले..." इथवर वाचलं. कॅचर जमिनीकडे बघत होती आणि तिच्या चेहऱ्यावर तेच होतं जे व्हरांड्यात होतं, नाही सर, मला काहीही वाटलेलं नाही. कागदातलं एकही वाक्य खोटं नव्हतं. पण ते मुख्याध्यापकांना दिलेल्या अर्जासारखं होतं. मी कागद घडी करून खिशात टाकला. खाली मुलींसमोर मांडी घालून बसलो. आणि जी भाषा मी आईशीही बोलायची सोडली होती, ती बोलायला लागलो. पहिल्या शब्दाला दोघी-तिघी खुदकन हसल्या, कारण त्यांनी माझ्या तोंडून ती कधी ऐकली नव्हती. शब्द अडखळत होते, काही विसरलेही होते. मग त्या हसायच्या थांबल्या.

"बाय," मी म्हटलं, "माजा चुकला. मी तुका बाजाराचा नाव घेवन गप केलंय. तू वायट काय बोलत नाय होतंस. तू टीमीक खेळवत होतंस, हिका दिसत नाय म्हणान हिचे डोळे झालंस, आणि माका तां कळला नाय, कारण मी कधी इचारलंयच नाय. तो समोरच्या टीमीचो सर हसलो. मी तुमच्यातलो न्हय, तेच्यातलो, असा तेका दाखवूक मी तुका बोललंय. लाज माका माजी वाटत होती, ती मी तुज्या आंगार घातलंय. आणि मगे तळेऱ्याक सगळ्यांच्या समोर दोषय तुकाच दिलंय. तुका वायट वाटला काय नाय, तां मी इचारणय नाय. मी केलंय तां वायट होता. तुका परत खेळूचा आसला तर खेळ, नसला तर नको. गुणांचा नाव मी परत घेवचंय नाय. माका माफ कर."